मल्कानी, नस्तूरी, याकूबी : हजरत ईसा (अ.) यांच्याबद्दल ख्रिस्ती जगात झालेला वाद

दरवर्षी डिसेंबर लागला की एक मेसेज मोबाईलवर फिरू लागतो. सन ३२५ मध्ये रोमच्या बादशाहने पाद्र्यांना एकत्र बोलावलं, मतदान घेतलं आणि हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना देव ठरवलं. त्याआधी सगळे ख्रिस्ती त्यांना फक्त पैगंबर मानत होते, असा त्याचा सारांश. पुढे कोणीतरी जोडतं की बायबलमधली पुस्तकंही त्याच बैठकीत निवडली गेली. पाठवणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण इतिहास असा घडलेला नाही. आपल्या मुलाने एखाद्या जाणकार ख्रिस्ती मित्रासमोर हे बोलून दाखवलं, तर पंचाईत आपल्याच मुलाची होईल.

आपला अकीदा या बाबतीत स्पष्ट आहे. हजरत ईसा (अ.) हे अल्लाहचे बंदे आणि रसूल, हजरत मरियम (अ.) यांचे पुत्र, पित्याविना जन्मलेले. तो सिद्ध करायला हा लेख लिहिलेला नाही. ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात, त्यावरून ते आपसांत साडेतीनशे वर्षं का भांडले आणि त्या भांडणाचा आपल्या इतिहासाशी काय संबंध, एवढंच सांगायचं आहे.

संबंध बराच आहे. इमाम शहरस्तानी (निधन ११५३) यांनी ‘अल-मिलल वन-निहल’ या ग्रंथात ख्रिस्त्यांचे तीन मोठे फिरके नावानिशी दिले आहेत : मल्कानिया, नस्तूरिया आणि याकूबिया. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, अबू ईसा अल-वर्राक यांनी या तिघांच्या मतांचं खंडन लिहिलं, आणि खंडन करण्यापूर्वी प्रत्येकाचं म्हणणं नीट मांडलं. म्हणजे हजार वर्षांपूर्वी बगदादमधल्या अभ्यासकाला हा फरक ठाऊक होता. आपण मात्र सगळ्यांना एका ‘ख्रिश्चन’ शब्दात गुंडाळून मोकळे होतो.

नायसियामध्ये काय झालं?

आधी ३२५ च्या बैठकीचं बघू. नायसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक हे गाव. ते तेव्हा बिथिनिया प्रांतात होतं. गंमत अशी की त्याच प्रांताच्या प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सुमारे ११२ साली आपल्या बादशाहला लिहिलेलं एक पत्र उपलब्ध आहे. हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून, एखाद्या देवाची गावी तशी ख्रिस्ताची स्तुती गातात, असं तो त्यात कळवतो. हे नायसियाच्या दोनशे वर्षं आधीचं. तेव्हा बादशाहने एका दिवसात देव केला, ही गोष्ट टिकत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. हजरत ईसा (अ.) यांना मनुष्यच मानणारे, मूसा (अ.) यांची शरीयत पाळणारे ख्रिस्ती गटही सुरुवातीच्या शतकांत होते. एबियोनी हे त्यातलं ठळक नाव. पण नायसियात जे दोन पक्ष समोरासमोर आले त्यांत हे एबियोनी नव्हतेच.

तिथला वाद इस्कंदरियाचे पाद्री एरियस यांच्यावरून होता. एरियस यांचं म्हणणं असं की ‘पुत्र’ हा निर्माण केलेला आहे. पिता अनादी, पुत्र अनादी नाही. एवढं ऐकून आपल्याकडे अनेक वक्ते एरियस यांना मुवह्हिद ठरवून टाकतात. जरा थांबावं. एरियस यांच्या मते हा पुत्र सर्व जगांच्या आधी निर्माण झाला आणि त्याच्याच हातून देवाने बाकी सारी सृष्टी घडवली. मरियम (अ.) यांच्या उदरी जन्माला आला तो हाच. हा आपला अकीदा नव्हे, त्याच्या जवळपासचाही नव्हे. विरोधी बाजूचं म्हणणं होतं की पुत्र पित्याच्याच सारतत्त्वाचा आहे, घडवलेला नाही. बैठकीने हे दुसरं मत उचललं आणि शेवटी सही न करणारे बिशप दोनच राहिले. बायबलच्या पुस्तकांची यादी हा तिथला विषयच नव्हता.

आणि तिथे निकाल लागून विषय संपला, असंही नाही. कॉन्स्टंटाइन बादशाहने ३३७ मध्ये मरणापूर्वी बाप्तिस्मा घेतला, तो एरियसच्या बाजूने झुकणाऱ्या बिशपकडून. नायसियाचे खंदे समर्थक अथनेशियस यांना पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपल (आजचं इस्तंबूल) परिषदेपर्यंत पारडं वर-खाली होत राहिलं. बाजारात भाकरीचा भाव विचारला तरी दुकानदार पिता-पुत्राची चर्चा सुरू करतो, अशी तक्रार त्या काळच्या एका बिशपने लिहून ठेवली आहे. आपल्याकडच्या नाक्यावरच्या राजकीय चर्चेसारखंच म्हणायचं.

एक माणूस, दोन स्वभाव?

खरा गुंता पुढे सुरू झाला. ख्रिस्त पूर्णपणे देव, हे चर्चने ठरवलं. पण इंजीलमध्ये तर त्यांना भूक लागते, झोप येते, ते थकतात, रडतात, कयामतची घडी आपल्याला माहीत नाही म्हणतात, अटकेच्या रात्री घाबरून दुआ करतात. कुरआनच्या सूरह माइदामध्ये हजरत ईसा (अ.) आणि त्यांची आई दोघंही अन्न खात, याची आठवण करून दिली आहे. ख्रिस्ती विद्वानांनाही हाच प्रश्न छळत होता. अन्न खाणारा कोण? रडणारा कोण? त्यांचं उत्तर वेगळं होतं, पण प्रश्न टाळला नव्हता.

यात त्यांचं एवढं काय अडलं होतं, हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर सगळा वाद शब्दांचा कीस वाटतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे माणूस मुळातूनच बिघडलेला आहे आणि तो आपल्या बळावर सावरू शकत नाही. देवाने स्वतः माणूसपण अंगावर घेतलं तेव्हाच ते दुरुस्त झालं. मग आलेला खरा देव नसेल तर दुरुस्ती नाही, आणि खरा माणूस नसेल तरीही नाही. लाओदिकियाचे बिशप अपोलिनारिस म्हणाले की ख्रिस्ताचं शरीर माणसाचं, पण बुद्धीच्या जागी दैवी शब्दच होता. तेव्हा त्यांना उत्तर मिळालं की मग माणसाची बुद्धी तर तशीच बिघडलेली राहिली. आपल्याकडे हजरत आदम (अ.) यांची तौबा कबूल झाली आणि प्रत्येक मूल फितरतवर जन्मतं. त्यामुळे हा पेच आपल्याकडे उभाच राहत नाही. दोन धर्मांमधला खरा फाटा इथे आहे. ‘देव की माणूस’ हा त्याचा वरचा भाग झाला.

४२८ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या मुख्य गादीवर नेस्टोरियस बसले. अरबीत त्यांचं नाव नस्तूर. शामच्या अंताकिया शहराच्या परंपरेत ते वाढले होते आणि ती परंपरा ख्रिस्ताच्या माणूसपणाला फार जपायची. लोक मरियम (अ.) यांना ‘देवाची जननी’ म्हणत. नेस्टोरियस यांना ते खटकलं. ‘ख्रिस्ताची जननी’ म्हणा, असं त्यांनी सुचवलं. निर्माता कोणाच्या पोटी कसा जन्मेल? दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, अशा अर्थाचं वाक्य ते बोलले म्हणून विरोधकांनी गहजब केला.

विरोधक म्हणजे मुख्यतः इस्कंदरियाचे सिरिल. हुशार आणि तितकेच हट्टी. त्यांचा मुद्दा असा : जन्मलेला वेगळा आणि देव वेगळा, असे दोन केले तर क्रूसावर कोण गेलं? नुसता एक माणूस? मग साऱ्या श्रद्धेचा पायाच निघतो. (कुरआनने क्रूसाची घटनाच नाकारली आहे, ख्रिस्ती विचारात ती केंद्रस्थानी आहे, हे लक्षात ठेवून पुढे वाचावं.) ४३१ मध्ये इफिसस इथे परिषद भरली. अंताकियाचे बिशप वाटेत होते. त्यांची वाट न बघता सिरिल यांनी २२ जूनला कामकाज उरकून नेस्टोरियस यांना पदावरून काढलं. अंताकियावाले काही दिवसांनी पोहोचले, त्यांनी वेगळी बैठक घेऊन सिरिल यांनाच काढलं. बादशाहने आधी दोन्ही निर्णय मान्य केले आणि दोघांनाही नजरकैदेत ठेवलं. पुढे सिरिल सुटले. दरबारी लोकांना त्यांनी पाठवलेल्या सोन्याच्या आणि गालिच्यांच्या नजराण्यांची यादी आजही वाचायला मिळते. नेस्टोरियस मात्र मिसरच्या वाळवंटी भागात हद्दपारीत वारले.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. युटिकस नावाच्या वृद्ध मठाधिपतींनी सांगितलं की जोडणी झाल्यावर स्वभाव एकच उरतो. त्यावरून ४४९ मध्ये इफिससलाच आणखी एक परिषद झाली. तिथे इतकी दंडेली झाली की रोमच्या पोपनी तिला लुटारूंची सभा म्हटलं. वर्षभरात बादशाह घोड्यावरून पडून मेला, दरबाराचं वारं फिरलं आणि ४५१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅल्सेडोन इथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या काडिकॉय भागात, मोठी परिषद भरली. तिने ठरवलं : व्यक्ती एक, स्वभाव दोन, एक दैवी आणि एक मानवी. त्या दोहोंची मिसळ होत नाही, त्यांत बदल होत नाही, त्यांची विभागणी होत नाही, ताटातूट होत नाही. नीट पाहिलं तर हे चारही नकार आहेत. दोन स्वभाव एकत्र कसे राहतात, हे परिषदेने सांगितलंच नाही. कसे राहत नाहीत, तेवढं सांगितलं. आमच्या मते यात थोडी कबुलीही आहे.

तीन फिरके

ज्यांनी कॅल्सेडोन मानलं ते रोमच्या बादशाहच्या, म्हणजे ‘मलिक’च्या बाजूचे, म्हणून मल्कानी. मिसर, शाम, आर्मेनिया आणि हबशा (इथिओपिया) इथल्या बहुसंख्य ख्रिस्त्यांनी ते नाकारलं. त्यांच्या मते ‘दोन स्वभाव’ म्हणणं म्हणजे नेस्टोरियसला मागच्या दाराने आत घेणं. तरी ते युटिकस यांनाही मानत नव्हते. देवत्व आणि माणूसपण दोन्ही पूर्ण, पण जुळून झालेला स्वभाव एक, असं त्यांचं मत होतं आणि आहे. बादशाही छळामुळे त्यांचे बिशप संपत आले, तेव्हा गस्सानी अरबांचे सरदार हारिस बिन जबला यांनी राणी थिओडोराकडे बिशपची मागणी केली. सुमारे ५४२ मध्ये याकूब बरादई नेमले गेले. खोगिराच्या फाटक्या कापडाचे कपडे घालून, वेष पालटून ते गावोगाव फिरले आणि पाद्री नेमत गेले. त्यांच्यावरून याकूबी हे नाव पडलं.

तिसरे नस्तूरी. हे इराणच्या बादशाहीत वाढले, रोमच्या हद्दीबाहेर. दोन्ही स्वभाव ते अधिक वेगळे ठेवत. स्वतःला ते ‘पूर्वेचं चर्च’ म्हणवतात. नस्तूरी हे नाव विरोधकांनी दिलेलं. इथे एक मजेची गोष्ट. शहरस्तानींसारख्या मोठ्या आलिमनेही नस्तूर यांना खलीफा मामूनच्या जमान्यात दाखवलं आहे. जवळपास चारशे वर्षांची चूक! मतं मात्र त्यांनी तिघांचीही वेगवेगळी मांडली.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. सातव्या शतकाच्या आरंभी अरबस्तानाभोवतालचा नकाशा या वादानेच रंगलेला होता. वायव्येचे गस्सानी याकूबी, इराककडच्या हीरा शहरातले ख्रिस्ती नस्तूरी. दक्षिणेच्या नजरानमध्ये यहुदी धर्म स्वीकारलेल्या झू नुवास राजाने ५२३ च्या सुमारास ख्रिस्त्यांची कत्तल केली. तेही कॅल्सेडोन न मानणारे होते. सूरह बुरूजमधल्या ‘खंदकवाल्यां’चा संबंध अनेक मुफस्सिरांनी याच घटनेशी जोडला आहे.

हबशाच्या नजाशीच्या दरबारात हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी सूरह मरियमच्या आयती वाचल्या, हा प्रसंग आपल्या मुलांना पाठ असतो. सीरतच्या किताबांत पुढचंही दिलेलं आहे. ईसा (अ.) अल्लाहचे बंदे आणि रसूल, असं ऐकल्यावर नजाशीने जमिनीवरची काडी उचलली आणि यात काडीइतकाही फरक नाही म्हटलं, तेव्हा आजूबाजूचे पाद्री नाराजीने फुरफुरले. का, ते आता कळेल. ज्या चर्चने ‘दोन स्वभाव’ एवढं म्हणणंही कमी लेखणं मानलं, त्याच्या पाद्र्यांसमोर ‘बंदा’ हा शब्द उच्चारला गेला होता. जाफर (रजि.) यांनी परक्या मुलुखात, आसरा मागत असताना तो उच्चारला, याचं वजन त्यामुळे आणखी जाणवतं. पुढे नजरानचं साठ जणांचं शिष्टमंडळ मदीनेला आलं, तेव्हाही चर्चेचा विषय हाच होता. मतभेद कायम राहिला, करार झाला. मस्जिद-ए-नबवीत त्यांना आपल्या पद्धतीने इबादत करू दिली गेली, अशी रिवायत आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचं पत्र ज्याला गेलं तो रोमचा हिरक्ल बादशाहही याच वादात गुरफटला होता. फुटलेले ख्रिस्ती एक व्हावेत म्हणून त्याने तोडगा काढला : स्वभाव दोन असोत, इच्छा मात्र एकच म्हणू या. ६३८ मध्ये त्याने हे फर्मान काढलं, तोवर शाम त्याच्या हातून गेला होता. तोडगा कोणालाच पटला नाही. विरोध करणाऱ्या मॅक्सिमस या साधूची जीभ आणि उजवा हात त्याच्या नातवाच्या राजवटीत छाटला गेला, आणि ६८०-८१ च्या परिषदेने मॅक्सिमस यांचंच मत खरं धरलं.

मिसरमध्ये याकूबी बाजूचे कुलगुरू बेंजामिन रोमी अधिकाऱ्यांच्या भीतीने वर्षानुवर्षं लपून होते. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी अमान दिल्यावर ते इस्कंदरियात परतले. हे खरं आहे. त्यावरून मिसरच्या सगळ्या ख्रिस्त्यांनी मुस्लिम फौजांचं हार-फुलं घेऊन स्वागत केलं, असं जे सांगितलं जातं ते मात्र जास्तीचं आहे. त्याच शतकातले मिसरी बिशप निकियूचे योहान यांनी अम्र (रजि.) यांनी चर्चची मालमत्ता लुटली नाही हेही लिहिलं आहे, आणि लढाईतल्या हालअपेष्टा आणि कराचं ओझं यांवर कडक शब्दांत टीकाही केली आहे.

अब्बासी काळात बगदादला नस्तूरी चर्चचे प्रमुख तिमोथी आणि खलीफा महदी यांची सुमारे ७८१ मध्ये दोन दिवस चर्चा झाली. खलीफाचा पहिल्याच टप्प्यातला सवाल असा की अल्लाहने मूल कसं जन्माला घातलं. तिमोथी यांनी पवित्रा न सोडता उत्तरं दिली, आणि प्रेषित (स.) यांच्याबद्दल विचारल्यावर ते नबींच्या वाटेने चालले, असं आदराने सांगितलं. शेवटी त्यांनी उपमा दिली : अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटतं आपल्याच हाती आला, उजाडल्यावर कळेल. ग्रीक वैद्यकाची पुस्तकं अरबीत आणणारे हुनैन बिन इसहाक हेही नस्तूरी, मूळचे हीराचे.

त्या चर्चांतून शब्दही आले. ख्रिस्ताच्या देवत्वासाठी ‘लाहूत’ आणि माणूसपणासाठी ‘नासूत’ ही जोडी अरबी ख्रिस्ती लेखक वापरत. हल्लाज यांच्या लिखाणात ती दिसते. पुढे सूफींनी तिला वेगळा अर्थ देऊन आलम-ए-नासूत, आलम-ए-लाहूत अशा रूहच्या सफरीच्या पायऱ्या केल्या. दर्ग्यातल्या कव्वालीत हे शब्द ऐकताना ते किती लांबून आले, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं.

आपल्या अंगणात

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने सुमारे ५५० मध्ये लिहिलं की हिंदुस्थानात कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप असतो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर भिवंडी-कल्याणच्या खाडीकाठी पहिले ख्रिस्ती नस्तूरी परंपरेचे होते.

केरळचे सेंट थॉमस ख्रिस्तीही शतकानुशतकं त्याच चर्चशी जोडलेले होते. १५९९ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप मेनेझिस कोचीजवळच्या उदयंपेरूरला गेले, परिषद भरवली आणि त्यांना नेस्टोरियसचा धिक्कार करायला लावला. त्यांची सिरियाक पुस्तकं तपासली गेली, कित्येक जाळली गेली. इफिससचं भांडण साडेअकराशे वर्षांनी मलबारच्या मिरीच्या बागांमध्ये पोहोचलं. १६५३ मध्ये तिथल्या लोकांनी मट्टानचेरीला क्रूसाला दोर बांधून शपथ घेतली आणि पोर्तुगीज पाद्र्यांचा ताबा झुगारला. १६६५ मध्ये त्यांच्या मदतीला जो बिशप आला तो नस्तूरी नव्हता, याकूबी होता. एकाच समाजाने दोन पिढ्यांत तिन्ही फिरके पाहिले.

अलीकडे या चर्चनी आपसांत बसून बोलणी केली. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे आणि मिसरचे पोप शेनूदा तिसरे यांनी, तर १९९४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे मार दिंखा चौथे यांनी संयुक्त निवेदनांवर सह्या केल्या. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, यावर आमची श्रद्धा एक आहे. जुना बराचसा झगडा शब्दांचा होता, असा त्यांचा आशय. मॅक्सिमस यांची जीभ गेली ती गेलीच.

वसईचे आणि गोव्याचे कॅथलिक, अहमदनगर भागातले मराठी प्रोटेस्टंट हे कॅल्सेडोन मानणारे, म्हणजे शहरस्तानींच्या हिशेबाने मल्कानी. मुंबई-पुण्यात मल्याळी ऑर्थोडॉक्स किंवा जॅकोबाइट कुटुंब भेटलं तर ते याकूबी बाजूचं. त्रिशूरमध्ये पूर्वेच्या चर्चचे लोक आजही आहेत आणि त्यांच्या प्रार्थनेत सिरियाक भाषा टिकून आहे.